दोन बोटं माया

घरीच शिकवायचं ठरलं त्या रात्री
मी कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले.
दहा ते अकरा मराठी, मग गणित,
आणि तास संपला की स्टीलच्या ताटावर
उलथन्याचे तीन टोले.
शाळेत तो टोल्यांनाच कान झाकायचा
हे मला ताट वाजवल्यावर आठवलं.

स्पंदन कपाटामागे जाऊन बसला.
मी फळ्यापाशी, हातात खडू,
समोर सतरंजी
आणि सतरंजीवर एकटी मांजर.

मग नागपूरहून खोका मागवला.
हेमराजने भरलेल्या दोन मोटारींची मजुरी त्यात गेली.
रोज एक धडा, रोज एक चिकटवायची चांदणी.
अ अननसाचा होता.
"अननस कोणत्या बांधीत लागते?" त्याने विचारलं.
मला कुठे ठाऊक.
चांदण्या त्याने पिठाच्या डब्याला लावल्या,
सगळ्या, एका दमात.

मी गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवते.
रोवणी करून करून कुणाचा खांदा उतरलाय,
कुणाच्या पाठीत बाक आलाय, मला डोळे मिटून सांगता येतं.
तयार मापाचं मी कुणाला बसलेलं पाहिलं नाही.
आणि पोराच्या अंगावर मात्र
दुकानातलं आणून चढवत होते.

पंधरा दिवस काहीच शिकवलं नाही.
मापाच्या वहीत, वनिता शहारेच्या बाहीखाली, लिहीत गेले:
बसून ऐकत नाही, चालताना ऐकतो.
दोनदा सांगितलं की चिडतो.
एकदा सांगून सोडलं तर तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारतो.
बोडीच्या पाळीवर सगळ्यात जास्त बोलतो.

म्हणून पाढे पाळीवर.
पावलागणिक एक घर.
साता सक बेचाळीसपाशी पळस आहे,
अजूनही बेचाळीस म्हणताना
त्याची मान डावीकडे वळते.

त्याने वाचलेला पहिला शब्द: धोका.
डीपीवरच्या लाल पाटीवरचा.
पेढे वाटावे की दृष्ट काढावी, कळेना.
दुसरा 'पुढे वळण'. मग खताच्या पिशव्या,
राशन दुकानाचा फळा, एसटीच्या पाट्या.
क च्या आधी त्याला ळ आला.
मी येऊ दिला.

लिहिणं अजून नाही.
वाळूत, पाटीवर, ओल्या भिंतीवर,
सगळीकडे करून पाहिलं.
वहीतलं ते पान कोरं आहे, खोटं कशाला सांगू.
रात्री हेमराज कूस बदलतो,
"पाट्या वाचून कोनी नोकरी देते काय वो?"
मी झोपल्यासारखं करते.
तोच प्रश्न माझ्याही घशात असतो.

कापगते सर आले, चहा घेतला, रागावले नाहीत.
"वजाबाकी येते का?"
बोडीत त्याने खाचा पाडलेली बांबूची काठी रोवली आहे.
"काल चवदा होतं पानी, आज साडेतेरा."
"मग अर्धं गेलं कुठे?"
"थे पान्याले विचारा."
सर बराच वेळ बशीकडे बघत राहिले.
जाताना म्हणाले, परीक्षेचा अर्ज मी आणून देतो,
तयार वाटला तेव्हा भरा.

शिवणीच्या आत दोन बोटं कापड राखतात,
पुढे अंग भरलं तर उसवून वाढवायला.
त्याला माया म्हणतात. दुसरा शब्द मला माहीत नाही.
या महिन्याचं मी पेन्सिलीने लिहिलंय.
कॅलेंडरच्या त्या जुन्या रकान्यांवर
कालच एक गळा बेतला.

आज तो माझा टेप घेऊन बोडीवर गेला,
भिजवून आणला.
संध्याकाळी म्हणतो, "आई, तुह्या टेप लांबला, पाव इंच."
कशावरून?
दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीची रेघ आहे,
सत्तेचाळीसची.
ती आता पावणेसत्तेचाळीस भरते.
"आन् रेघ तं कमी नाही होत ना."